सरासरी पंचवीस

नीळकंठ मोघे कधी खोटं बोलत नसत, आणि या सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे. थापा मारणाऱ्या माणसाची एक सोय असते. पकडला गेला की तो दुसरी थाप मारतो आणि सुटतो. खरं बोलून अडकलेल्या माणसाला मात्र पळायला दारच उरत नाही. मोघे असे खरं बोलून अडकले, तेही भोपाळात, ऐन मे महिन्यात, आणि मुलाच्या लग्नाच्या बाबतीत.

कारखान्यात ते क्वालिटी कंट्रोलला होते. आलेल्या मालातले चार नग उचलायचे, मोजायचे, त्यांची सरासरी काढायची आणि ती मर्यादेत बसली की सही ठोकायची, हे त्यांचं काम. आयुष्यभर हेच केल्यामुळे सरासरीवर त्यांची देवावर असावी तशी श्रद्धा बसली होती. एखाद्या दिवशी आमटी खारट झाली तर ते म्हणत, "महिन्याची सरासरी काढली तर मीठ अगदी बरोबर आहे हो तुझं." हे आपण बायकोचं कौतुक करतोय असं त्यांना मनापासून वाटे. कमलिनीबाईंना काय वाटे ते त्यांनी कधी विचारलं नाही, त्यामुळे त्याची सरासरी उपलब्ध नाही.

त्यांचा मुलगा विश्वास त्याच कारखान्यात इंजिनियर होता. वय तिशीला टेकलेलं, स्वभाव लाजरा, आणि आजवर आलेली स्थळं या ना त्या कारणाने फिसकटलेली. तो मित्राच्या लग्नाला पुण्याला गेला आणि तिथे त्याची वासंती गोगटे नावाच्या मुलीशी ओळख झाली. परत आला तो बोलत होता! जेवताना बोलत होता, दाढी करताना गुणगुणत होता. आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. पत्रिका जुळली, मुलीचा होकार आला. राहता राहिले मुलीचे वडील.

नरहरपंत गोगटे कोकणातल्या करंजवेळ नावाच्या लहानशा बंदराच्या गावी भूगोलाचे मास्तर होते. आता निवृत्त झाले होते, पण भूगोल निवृत्त झाला नव्हता. शाळेच्या व्हरांड्यात थर्मामीटर टांगून त्यांनी वर्षानुवर्षं गावाचं तापमान टिपलं होतं. त्यांचं पत्र आलं त्यात हुंडा, मानपान, देणंघेणं यातलं एक अक्षर नव्हतं. होता तो करंजवेळच्या दर महिन्याच्या सरासरी तापमानाचा तक्ता. जानेवारी पंचवीस, मे एकोणतीस, ऑगस्ट सव्वीस. बारा महिन्यांत इकडचं तिकडे म्हणजे चार अंश. खाली लिहिलं होतं, "चि. वासंती ही आमची एकुलती एक. अशा समशीतोष्ण हवेत वाढलेल्या मुलीस भट्टीत लोटावे असे आम्हांस वाटत नाही. तरी आपल्या गावचा तक्ता उलटटपाली धाडावा, म्हणजे पुढचे बोलता येईल."

मोघ्यांनी भोपाळचा तक्ता मिळवला आणि मे महिन्यापाशी त्यांचं बोट थबकलं. पण ते कसलेले गृहस्थ. दिवस आणि रात्र, उन्हाळा आणि हिवाळा सगळं एकत्र केलं, बाराने भागलं आणि खुर्चीतून उठलेच.

"कमल! अगं, भोपाळची सरासरी पंचवीस येते. त्यांची सत्तावीस. आपण कोकणापेक्षा दोन अंशांनी थंड आहोत!"

कमलिनीबाई उन्हाळ्यासाठी नवा माठ धूत होत्या. "अहो, ते खरं असेल, पण अख्खा तक्ता पाठवा. उद्या ती माणसं इथे आली म्हणजे?"

"डिसेंबरात बोलावू," मोघे म्हणाले आणि लिहून मोकळे झाले. "आमच्या भोपाळचे वार्षिक सरासरी तापमान पंचवीस अंश असून ते आपणांपेक्षा कमीच आहे. सविस्तर तक्त्याची आवश्यकता भासू नये." यात खोटं कुठे आहे दाखवा. नाहीच.

मेच्या पहिल्या आठवड्यात पोस्टकार्ड आलं. नरहरपंतांचं अक्षर टपोरं होतं, त्यामुळे दुसरं काही वाचल्याचा भास झाला असं म्हणायलाही जागा नव्हती. "भोपाळ हे थंड हवेचे ठिकाण आहे हे आम्हांस ठाऊक नव्हते. भूगोलाच्या शिक्षकास हे शोभत नाही, क्षमस्व. मुंबईस नातलगांकडे थांबून येत्या पंधरा तारखेच्या पहाटेच्या गाडीने आम्ही उभयता येत आहोत. सौ. इंदुमतीस थंडी सोसत नाही म्हणून स्वेटर व शाली बरोबर घेतल्या आहेत. रजयांची व्यवस्था तेवढी आपण करावी."

बाहेर पिपलानीच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, झळा मारणारं ऊन होतं, आणि मोघे घरात रजया हा शब्द पुन्हा पुन्हा वाचत होते. कळवून थांबवावं तर तेही शक्य नव्हतं. पाहुणे आधीच निघून मुंबईला कुणा नातलगाकडे उतरले होते आणि तिथला पत्ता देण्याची आवश्यकता नरहरपंतांना भासली नव्हती.

"बाबा, काय लिहिलंत तुम्ही त्यांना?" विश्वासचा चेहरा पांढराफटक पडला.

"खरं तेच लिहिलं."

"ते स्टेशनवरूनच परत जातील!" एवढं म्हणून तो आत गेला, आणि त्यानंतर त्याचं गुणगुणणं बंद झालं. मोघ्यांना तेच जास्त लागलं. पोरगा ओरडला असता तर त्यांनी सरासरी समजावून सांगितली असती. गप्प बसलेल्या पोराला काय समजावणार?

कारखान्याच्या वसाहतीत शेजारच्या क्वार्टरमध्ये केशवराव पुराणिक राहत. हे ग्वाल्हेरचे. उन्हाळा हा आपल्या घराण्याचा खानदानी विषय आहे असं त्यांचं मत होतं. बातमी कळताच ते बनियनवर हजर झाले.

"मोघेसाहेब, बिलकुल परेशान होऊ नका. भोपाळ थोडंच थंड करायचं आहे? बैठकीची खोली थंड करायची. पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं सकाळी सकाळी, आणि मग खोलीतून बाहेर निघूच द्यायचं नाही. चार दिवसांचा तर सवाल आहे!"

कल्पना फसवणुकीच्या फार जवळून जात होती. मोघ्यांनी तिला तात्त्विक बैठक दिली. वर्षाची सरासरी पंचवीस आहे हे सत्य. ते सत्य पाहुण्यांना चार दिवसांत दाखवायचं, एवढंच आपण करतोय. असं म्हटल्यावर त्यांना झोप लागली.

पण मोजल्याशिवाय काम कसं करणार? मोघ्यांनी कारखान्यातलं थर्मामीटर चार दिवसांसाठी घरी न्यायला अर्ज केला. गेटवरच्या माणसाने विचारलं, "किस काम के लिए?" मोघे म्हणाले, "लड़के की शादी के लिए." त्याने अर्ज परत दिला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. अखेर घरातलं ताप बघायचं थर्मामीटर बैठकीच्या खोलीत खिळ्याला टांगलं. थोड्या वेळाने पाहिलं तर खोलीला एकशे दोन ताप होता. कमलिनीबाईंनी खोलीकडे पाहून "अगं बाई!" म्हटलं, सवयीने.

घरचा कूलर होताच. केशवरावांनी आपला उचलून आणला. त्यांच्या शकुंतलावहिनी त्या दिवसापासून मोघ्यांच्या घराकडे पाठ करून तुळशीला पाणी घालू लागल्या. तिसरा कूलर केशवरावांच्या ओळखीने गोविंदपुऱ्यातल्या एका पत्र्याच्या कारखान्यातून आला. तो खोलीसाठी नसून गोदामासाठी बनवलेला होता. तो दारातून जाईना, म्हणून खिडकीची चौकट काढली. चौकट काढताना थोडी भिंत आली. कूलर सुरू केल्यावर भिंतीवरचं दत्ताचं कॅलेंडर आडवं झालं आणि आडवंच राहिलं. उरलेल्या खिडक्यांना खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या, दारांना ओल्या चादरी, बाहेरच्या भिंतींवर ओली पोती. त्या संध्याकाळी थर्मामीटर झटकून पुन्हा लावलं तर पारा वर चढलाच नाही. खोलीचा ताप उतरला होता. मोघ्यांनी केशवरावांना मिठी मारली.

फक्त पाणी संपलं. मोघ्यांचंच नव्हे, पूर्ण ब्लॉकचं. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरचे तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत जिन्यात येऊन उभे राहिले. मोघ्यांची त्या ब्लॉकमध्ये मोठी इभ्रत होती. गणेशोत्सवाची वर्गणी त्यांच्याकडे ठेवत असत. त्या इभ्रतीचं त्या सकाळी जे झालं ते इथे न लिहिलेलं बरं.

टँकरसाठी टाउनशिपच्या ऑफिसात जावं लागलं. तिथला बाबू पान जमवत म्हणाला, "टैंकर दो ही काम में मिलता है. शादी में या ग़मी में, मतलब कोई गुज़र जाए तो. आपके यहाँ क्या है?"

"मेहमान हैं," मोघे म्हणाले.

"मेहमान का टैंकर नहीं होता. शादी लिखूँ?"

"शादी अभी तय नहीं हुई."

"तो ग़मी लिख दूँ?"

"वो भी अभी..." मोघे थांबले. विश्वासचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर आला. पण न ठरलेलं लग्न ठरलं म्हणून सांगणं त्यांच्या जिभेला जमेना. ते परत फिरले. मागून केशवराव पुढे झाले, "अरे भाई, शादी लिखो, शादी! क्या पूछते हो!" म्हणाले आणि काम करून आले. मोघे घरी येईस्तोवर त्यांच्याशी बोलले नाहीत.

"टँकर येईल तेव्हा मी दारात येणार नाही," त्यांनी निक्षून सांगितलं. "विचारलं तर तुम्हीच सांगा कुणाचं लग्न ते."

गाडी पहाटे यायची होती. पहाटे भोपाळ खरोखर गोड असतं. तलावावरून वारा येतो आणि माणसाला आपण इथे का राहतो ते आठवतं. मोघे आणि विश्वास त्या वाऱ्यात स्टेशनवर उभे राहिले. पहाट गेली, सकाळ गेली, वारा गेला. गाडी आली ती ऐन दुपारी, फलाटावरचं लोखंडी बाक बसायच्या कामाचं उरलेलं नसताना.

नरहरपंत उतरले. डोक्याला ओला पंचा, तोंड लालबुंद, हातात सुतळीने बांधलेलं स्वेटरांचं गाठोडं. मागून इंदुमतीबाई उतरल्या. शांत, बारीक चणीच्या बाई, खांद्यावर घडी घातलेली शाल. नरहरपंतांनी पंचा वर केला आणि मोघ्यांना पाहिलं.

"मोघेसाहेब, हीच का ती सरासरी?"

"हो," मोघे म्हणाले. "म्हणजे, सध्या ती जरा वरच्या अंगाला आहे."

विश्वासने डोळे मिटून घेतले. रिक्षात लूच्या गरम झळा अशा लागत होत्या की कुणी तोंडच उघडलं नाही. मोघ्यांच्या मनात एकच आशा होती: बैठकीची खोली.

ओली चादर बाजूला करून पाहुणे आत आले. तीन कूलर घरघरत होते. नरहरपंत मधोमध उभे राहिले, दीर्घ श्वास घेतला आणि त्यांचा चेहरा हळूहळू माणसात आला. त्यांनी पिशवीतून स्वतःचं, शाळेतलं थर्मामीटर काढलं. सगळे पाऱ्याकडे बघत उभे राहिले. विश्वास तर भिंतीला टेकला होता.

"सत्तावीस!" नरहरपंत ओरडले, कूलरांपुढे ओरडावंच लागत होतं. "बरोबर सत्तावीस! अहो, ही तर आमच्या करंजवेळची सरासरी! इंदू, बघ, अगदी आपल्या घरासारखं वाटतंय!"

मोघ्यांना भरून आलं. आयुष्यात इतक्या नगांवर सह्या केल्या, पण असा तंतोतंत नग पहिलाच. विश्वास हसला. कमलिनीबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

फक्त ती साखर ओली होती. मग एकेक गोष्ट लक्षात येऊ लागली. चहा करायला काडी पेटेना; आख्खी पेटी घासून झाली, गूल निघून बोटांना लागला. बशीतला चिवडा असा सादळला होता की नरहरपंतांनी एक घास चावला आणि मग नुसताच गिळला. सतरंजीवर पाऊल ठेवलं की ओलं लागे. दार फुगून चौकटीत घट्ट बसू लागलं होतं. आणि इंदुमतीबाईंच्या कपाळावर घाम आला. त्या पदराने वारा घेऊ लागल्या. मान पुसली, पुन्हा पुसली. उतरताना शांत दिसणारा तो चेहरा बघता बघता पडला. कमलिनीबाईंनी विचारलं, "बरं वाटत नाही का?" त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "नाही हो. अगदी आमच्या घरासारखं वाटतंय."

मोघ्यांनी ही दुसरी पावती म्हणून मनात जमा केली.

जेवणं झाली, नरहरपंत बैठकीच्या खोलीत आडवे झाले, आणि गोदामाच्या कूलरने एक दणका दिला. फट् आवाज झाला आणि ब्लॉकमधली वीज गेली. सगळे पंखे थांबले. बाहेर वरच्या मजल्यावरून कुणीतरी मोघ्यांचं नाव घेतलं, त्याला जोडून बरंच काही घेतलं. खोलीत ओल्या चादरी, ओली खस, ओली सतरंजी आणि भोवती तापलेल्या भिंती. पाचेक मिनिटांत आत वाफच कोंडली. दार फुगलेलं, विश्वासने ते बाहेरून हलवलं तर मूठ त्याच्या हातात आली. शेवटी त्याने लाथ मारून ते उघडलं तेव्हा नरहरपंत बाहेर पडले आणि थेट पिशवी भरायला लागले.

"नाही मोघेसाहेब, नाही! तीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की आकडा खोटं बोलत नाही. तुम्ही माझ्याच विषयात मला फसवलंत!"

"मी खोटं बोललो नाही!" मोघे कळवळून म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हे वाक्य म्हणताना लाज वाटली. दारात विश्वास उभा होता, हातात तुटलेली मूठ घेऊन, आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"इंदू, चल! संध्याकाळची गाडी मिळेल. इंदू?"

इंदुमतीबाई नव्हत्या. खोलीत नव्हत्या, स्वयंपाकघरात नव्हत्या, मोरीत नव्हत्या. कोकणातली बाई, असल्या उन्हात, अनोळखी गावात! नरहरपंत हाका मारत सुटले. मोघे अनवाणीच धावले आणि फरशीवर नाचल्यासारखे उड्या मारत मागच्या अंगणापर्यंत पोचले.

अंगणात कमलिनीबाईंच्या कुरडया वाळत होत्या. मागच्या पडवीच्या सावलीत, भिंतीला पाठ टेकून, इंदुमतीबाई पाय पसरून बसल्या होत्या. समोरच्या दोरीवर त्यांनी स्वतः धुतलेलं लुगडं, नरहरपंतांचं धोतर आणि पंचा फडफडत होता. गरम वारा तोंडावर येत होता आणि बाई हसत होत्या.

"इंदू! अगं, इथे काय करतेस? ऊन लागेल!"

"अहो, जरा हळू बोला. इकडे या, हात लावून बघा." त्यांनी धोतराचं टोक पुढे केलं. "आत्ता पिळून टाकलं. खडखडीत वाळलं! आणि माझ्या मानेला बघा. घाम नाही. मे महिना आहे, आणि घाम नाही!"

"पण बेचाळीस अंश असेल इथे!"

"असू दे. तुमच्या त्या तक्त्यात घाम कुठे लिहिलाय हो? इतकी वर्षं थर्मामीटर वाचलंत. माझ्या पाठीवरचं घामोळं नाही वाचलंत. पावसाळ्यात चुलीवर तारा बांधून कपडे वाळवते मी, गुडघ्यांना तेल लावून लावून हात दुखतात, पापडाला बुरशी, चपलेला बुरशी, देवाच्या वस्त्रांना बुरशी. तिकडे गाडीतून उतरले आणि वाटलं, अगं बाई, अंग किती हलकं वाटतंय! म्हटलं, पोरगी सुखात राहील इथे." मग त्या मोघ्यांकडे वळल्या. "तुमची ती बैठकीची खोली बघून मात्र माझ्या छातीत धस्स झालं. म्हटलं, एवढं लांब येऊन इथेही आमच्यासारखंच! हे सांगायचं कसं, म्हणून गप्प बसले."

मोघ्यांचं तोंड उघडं राहिलं. तीन कूलर, खिडकीची चौकट, ब्लॉकचं पाणी, शकुंतलावहिनींची पाठ आणि स्वतःची इभ्रत, एवढं सगळं खर्ची घालून त्यांनी ज्या एका गोष्टीपासून ही बाई पळून आली होती तीच तिच्यासाठी तंतोतंत बनवली होती. नरहरपंतांचंही तोंड उघडंच होतं. दोघे विद्वान एकमेकांकडे बघत राहिले आणि त्यातल्या एकालाही आकडा आठवेना.

इंदुमतीबाईंनी कुरडईचा एक तुकडा मोडला. तो कट्ट वाजला. ते ऐकून त्यांनी समाधानाने मान हलवली आणि कमलिनीबाईंना म्हणाल्या, "विहीणबाई, पुढच्या उन्हाळ्यातले पापड वासंती तुमच्याबरोबरच लाटेल, नाही का?"

विहीणबाई! कमलिनीबाईंनी पदर तोंडाला लावला. विश्वास तुटलेल्या मुठीकडे बघून हसू लागला आणि हसतच राहिला. नरहरपंतांनी स्वेटरांचं गाठोडं एकदा वर केलं, मग हळूच खाली ठेवलं.

तेवढ्यात पुढच्या बाजूला भोंगा वाजला. दोन दिवस उशिरा का होईना, टँकर आला होता. केशवराव धावत निघालेच होते, पण ड्रायव्हरची आरोळी आधी आली. "शादी वाला घर कौन-सा है?"

सगळे मोघ्यांकडे बघू लागले. मोघ्यांनी एकवार इंदुमतीबाईंकडे पाहिलं. त्यांनी हलकेच मान डोलावली. तेव्हा नीळकंठ मोघे पोळणाऱ्या फरशीवरून अनवाणीच दाराकडे धावले, आणि सगळ्या ब्लॉकला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले, "हमारा है! इधर लाओ, हमारा है!"